जेत्यांचा न्याय आणि न्यायमूर्ति पाल

कांहीं ग्रंथांचें भाग्य मोठें चमत्कारिक असतें. ते वाचले जाण्यापूर्वींच पूज्य होऊन बसतात, आणि एकदां पूज्य झाले म्हणजे ते वाचण्याची निकड कोणासच वाटेनाशी होते. टोकियो येथील आंतरराष्ट्रीय लष्करी न्यायमंडळाचे एक सभासद न्यायमूर्ति राधाविनोद पाल यांनीं १९४८ सालीं सादर केलेलें भिन्न निकालपत्र हें अशा ग्रंथांपैकीं एक होय. ११ न्यायाधीशांच्या मंडळांत एका हिंदी न्यायाधीशानें सर्व आरोपी सर्व आरोपांतून मुक्त करावे असा निर्भय अभिप्राय दिला, ही गोष्ट आपल्याकडील सुशिक्षित घरांतून अभिमानानें सांगितली जाते. जपानांत २००५ सालीं यासुकुनी देवस्थानाच्या आवारांत पाल यांचें छायाचित्र असलेलें स्मारक उभें राहिलें. २०१६ सालीं टोकियोच्या खटल्यावर निघालेल्या दूरचित्रवाणीमालिकेंत इरफान खान यांच्यासारख्या गुणी नटानें पाल यांची भूमिका केली, आणि हें नांव नव्या पिढीच्याही कानांवर गेलें. परंतु १२०० हून अधिक पृष्ठांचें तें निकालपत्र आरंभापासून अखेरपर्यंत वाचलेला मनुष्य आढळणें मात्र कठीण.

तें आज वाचण्यास एक विशेष कारण आहे. राज्यकर्त्यांनीं सत्तेच्या बळावर केलेल्या अत्याचारांचा जाब त्यांना कोणीं विचारावा, हा प्रश्न १९४८ मध्यें जितका तीव्र होता तितकाच आजही आहे. आणि जाब विचारूं पाहणाऱ्या प्रत्येक न्यायासनापुढें आरोपी जें पहिलें उत्तर देतो तें बहुधा एका उलट प्रश्नाचेंच असतें: ‘मला विचारणारे तुम्ही कोण?’ हा प्रश्न पाल यांच्याइतक्या सामर्थ्यानें दुसऱ्या कोणा न्यायाधीशानें मांडला असेल असें आम्हांस वाटत नाहीं. तथापि त्या प्रश्नापासून त्यांनीं जो निष्कर्ष काढला, तो खरोखर त्यांतून निघतो काय, याची चिकित्सा आमच्याकडे फारशी कोणीं केली नाहीं. ती यथामति करावी एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम थोडा पूर्वेतिहास सांगणें अवश्य आहे. जपानच्या शरणागतीनंतर दोस्त राष्ट्रांचे सरसेनापति मॅकार्थर यांनीं १९ जानेवारी १९४६ रोजीं एक सनद जाहीर करून हें न्यायमंडळ स्थापिलें. ३ मे १९४६ रोजीं टोकियोच्या इचिगाया भागांतील, पूर्वीं जपानच्या लष्करी खात्याच्या ताब्यांत असलेल्या इमारतींतच कामास आरंभ झाला. आरोपी २८ होते व आरोपांचीं कलमें ५५ होतीं. आरोपींपैकीं दोघे खटला चालूं असतांनाच वारले, एकास बुद्धिभ्रंशामुळें वगळण्यांत आलें, आणि राहिलेले २५ च्या २५ दोषी ठरले. ४ ते १२ नोव्हेंबर १९४८ या दिवसांत बहुमताचा निकाल वाचण्यांत आला. तोजो व हिरोता या दोन माजी पंतप्रधानांसह ७ जणांस २३ डिसेंबर १९४८ रोजीं फांशी देण्यांत आलें. मूळ योजनेंत नऊच राष्ट्रांचे न्यायाधीश होते. हिंदुस्थान व फिलिपाईन्स यांची भर मागाहून पडली. पाल यांची नेमणूक झाली तेव्हां हिंदुस्थान इंग्रजांच्या अमलाखालीं होता, आणि त्यांनीं निकाल दिला तेव्हां तो स्वतंत्र झाला होता. त्यांचें निकालपत्र भर न्यायालयांत वाचलेंच गेलें नाहीं. दोस्तांचा लष्करी अंमल १९५२ सालीं उठेपर्यंत जपानांत तें छापण्याची सोय नव्हती. कलकत्त्यास तें १९५३ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालें.

ग्रंथाच्या अंतरंगांत शिरण्यापूर्वीं ग्रंथकाराची ओळख करून घेतली पाहिजे. कारण येथें ती केवळ उपचाराची नाहीं. पाल १८८६ सालीं बंगालच्या नदिया जिल्ह्यांत एका गरीब घरांत जन्मले. मैमनसिंगच्या कॉलेजांत ते प्रथम गणिताचे अध्यापक होते. कायद्याकडे ते नंतर वळले. हिंदु धर्मशास्त्राच्या इतिहासावर त्यांनीं ग्रंथ लिहिले, कलकत्ता हायकोर्टांत न्यायाधीशाचें काम केलें, आणि टोकियोस जाण्यापूर्वीं ते कलकत्ता विश्वविद्यालयाचे कुलगुरु होते. गणिताच्या अध्यापकाची छाप या ग्रंथावर पानोपानीं दिसते. ग्रंथाचे एकंदर सात भाग आहेत: प्राथमिक कायदेशीर प्रश्न, आक्रमक युद्ध म्हणजे काय, पुराव्याचे व कामकाजाचे नियम, एकंदर कटाचा आरोप, न्यायमंडळाच्या अधिकाराची व्याप्ति, प्रत्यक्ष युद्धगुन्हे, आणि शेवटीं शिफारस. प्रत्येक भागांत प्रतिपक्षाचें म्हणणें त्याच्याच शब्दांत विस्तारानें द्यावयाचें, मग त्याचे घटक सुटे करावयाचे, आणि एकेक घटक कसोटीस लावून बाजूस ठेवावयाचा, ही त्यांची पद्धति. उतारे लांबलचक आहेत, पुनरुक्ति पुष्कळ आहे, आणि वाचकाची दमछाक होते. परंतु ग्रंथकारानें वाचकाशीं लपंडाव खेळला, असें म्हणावयास कोठेंही जागा नाहीं. कोठें उभें राहून तो बोलतो आहे हें नेहमीं स्पष्ट दिसतें.

आतां त्यांच्या युक्तिवादाचा गाभा पाहूं. पाल यांचें नांव घेणारे पुष्कळ लोक समजतात कीं, न्यायाधीश जेत्या राष्ट्रांचे होते एवढ्याच कारणावरून त्यांनीं न्यायमंडळ अमान्य केलें. हा समज चुकीचा आहे. न्यायाधीशांच्या राष्ट्रीयत्वावर आरोपींच्या वकिलांनीं घेतलेला आक्षेप पाल यांनीं फेटाळला. न्यायाधीश येथें व्यक्ति म्हणून बसले आहेत, असें त्यांचें म्हणणें. वस्तुतः आक्षेपास आधार कमी नव्हता. फिलिपाईन्सचे न्यायाधीश जॅरानिला हे स्वतः जपान्यांच्या कैदेंतून व बटानच्या मृत्युयात्रेंतून वांचलेले गृहस्थ होते. ज्या रशियाचा न्यायाधीश आक्रमक युद्धाच्या गुन्ह्याचा निवाडा करीत होता, त्या रशियानें १९४१ सालीं जपानशीं तटस्थतेचा करार केला होता, आणि ८ ऑगस्ट १९४५ रोजीं त्याच जपानविरुद्ध युद्ध पुकारलें होतें. योगायोग असा कीं, न्यूरेंबर्गच्या न्यायालयाची सनद लंडनमध्यें सही होऊन सिद्ध झाली तीही ८ ऑगस्ट १९४५ रोजींच. हिरोशिमा जळून दोन दिवस झाले होते आणि नागासाकी जळावयाचें एक दिवसानें होतें. कोणा कादंबरीकारानें अशा तारखा एकत्र जुळविल्या असत्या तर टीकाकारांनीं त्यास कृत्रिमतेचा दोष दिला असता!

पाल यांचा खरा आक्षेप याहून खोल आहे. जिंकणारास जिंकलेल्याचा न्याय करण्याचा अधिकार एक वेळ मान्य करूं. परंतु कृत्य घडून गेल्यावर त्यास गुन्हा ठरविणारा नवा कायदा निर्माण करण्याचा अधिकार त्यास कोठून आला? १९२८ च्या पॅरिस कराराचा आधार फिर्यादी पक्ष देत होता. पाल यांनीं दाखवून दिलें कीं, त्या करारावर सह्या करणाऱ्या राष्ट्रांनीं आत्मरक्षण कशास म्हणावें हें ठरविण्याचा हक्क आपापल्या हातीं राखून ठेविला होता. ज्या नियमाचा अर्थ ज्याचा त्यानेंच करावयाचा, त्याच्या भंगास गुन्हा म्हणणें व्यर्थ आहे. शिवाय, जगाच्या मोठ्या भागावर कांहीं राष्ट्रांनीं बळानें सत्ता स्थापिली असतां, ‘आतां यापुढें शांततेचा भंग करणारा तो गुन्हेगार’ असा कायदा करणें म्हणजे चोरीचा माल चोराच्या नांवें कायमचा करून देणें होय, हा विचारही त्यांनीं मांडला आहे. परतंत्र देशांत साठ वर्षें काढलेल्या माणसाचा अनुभव या ठिकाणीं कायद्याच्या भाषेंत बोलतो; आणि ग्रंथांतील सर्वांत तेजस्वी पानें हींच आहेत.

कटाच्या आरोपाचें खंडन हा ग्रंथाचा सर्वांत विस्तृत भाग. १९२८ पासून १९४५ पर्यंत जपानच्या राज्यकर्त्यांनीं एकच अखंड कट रचून जगावर युद्ध लादलें, असा फिर्यादीचा सिद्धान्त होता. या काळांत मंत्रिमंडळें एकामागून एक कोसळलीं, मंत्र्यांचे खून पडले, आज ठरलेलें धोरण उद्यां उलटलें, लष्कर व आरमार यांचा मेळ बसेना. पाल हें सर्व एकेक करून पुढें मांडतात आणि विचारतात कीं, यांत तो अखंड कट कोठें आहे? येथें ते निर्विवाद यशस्वी झाले आहेत. आणि दोस्तांनीं स्वतःचें वर्तन या तराजूंत घालावयाचें टाळलें, हेंही त्यांनीं सोडलें नाहीं. निष्पाप जनतेचा सरसकट संहार करण्याची आज्ञा हा गुन्हा मानावयाचा असेल, तर पॅसिफिक युद्धांत अशा आज्ञेच्या जवळ जाणारी एकच गोष्ट आढळते, ती म्हणजे अणुबाँब टाकण्याचा निर्णय, असें त्यांनीं विजेत्यांच्या ताब्यांतील राजधानींत बसून लिहिलें. हें धैर्य सामान्य नव्हे.

येथवर आम्ही पाल यांच्यामागून निःशंक चाललों. परंतु सहाव्या भागाशीं आलों म्हणजे पाऊल अडखळतें. येथें प्रश्न नव्या कायद्याचा नाहीं. युद्धकैद्यांस व नागरिकांस ठार मारणें, स्त्रियांची विटंबना करणें, हीं कृत्यें युद्धाच्या जुन्या नियमांप्रमाणेंही गुन्हेच होतीं, आणि हें पाल स्वतः मान्य करतात. नानकिंग शहर १३ डिसेंबर १९३७ रोजीं जपानी सैन्यानें घेतलें. पुढील सहा आठवड्यांत शहरांत व भोंवतालीं दोन लाखांहून अधिक नागरिक व कैदी मारले गेले, असा बहुमताचा निष्कर्ष आहे. पुराव्यांत अतिशयोक्ति असेल ती वजा घातली तरीही जपानी सैनिकांचें तेथील वर्तन घोर होतें, यांत पाल यांनाही संशय नाहीं. मग प्रश्न राहतो तो हा कीं, सेनापति मात्सुई यांची त्याबद्दल जबाबदारी किती?

पाल यांचें उत्तर असें: मात्सुई आजारी होते, शिस्त पाळण्याचे हुकूम त्यांनीं दिले होते, शिस्त राखण्याची यंत्रणा त्यांच्या हाताखालीं होती, आणि ती आपलें काम करील असा भरंवसा ठेवण्याचा सेनापतीस हक्क आहे, प्रत्यक्ष सैनिकांस शिक्षा करणें हें खालच्या अधिकाऱ्यांचें काम. कागदावर हा युक्तिवाद सुसंगत दिसतो. पण १७ डिसेंबर रोजीं हेच सेनापति समारंभानें त्या शहरांत शिरले होते. यंत्रणा चालत नाहीं हें दिसल्यावरही, ती चालत असल्याच्या भरंवशावर स्वस्थ बसण्याचा हक्क सेनापतीस असतो काय? कटाचा आरोप तपासतांना एकेका कागदाचा कीस काढणारी पाल यांची बुद्धि या ठिकाणीं फिर्यादीकडे अगदीं कडक पुरावा मागते आणि बचावाच्या बाजूस मात्र भरंवशावर सोडून देते. पुढें १९९८ सालीं रोम येथें झालेल्या कायद्याच्या २८ व्या कलमानें या प्रश्नाचा निर्णय पाल यांच्या विरुद्ध दिला आहे. हाताखालचे लोक अत्याचार करीत आहेत हें ज्या सेनापतीस कळलें होतें, अथवा परिस्थिति पाहतां कळावयास पाहिजे होतें, आणि ज्यानें शक्य तो उपाय योजला नाहीं, तो स्वतः दोषी, असें तें कलम सांगतें.

असें कोणी म्हणेल कीं, न्यायमंडळच सदोष असल्यावर एकेका आरोपीचा विचार करीत बसण्यांत काय अर्थ? या शंकेस उत्तर पाल यांच्या सहकाऱ्यांनींच देऊन ठेवलें आहे. हॉलंडचे न्यायाधीश रोलिंग यांनींही भिन्न मत नोंदविलें. हिरोता यांच्यासह पांच आरोपी निर्दोष आहेत असें ते म्हणाले. परंतु ज्यांस बहुमतानें जन्मठेप दिली होती अशा तिघांस त्यांनीं युद्धगुन्ह्यांसाठीं देहान्त शिक्षेस पात्र ठरविलें. फ्रान्सचे न्यायाधीश बेर्नार यांनीं कामकाजाची पद्धतिच सदोष मानली, आणि त्याबरोबर असेंही म्हटलें कीं, युद्धाचा मुख्य कर्ता न्यायासनापुढें आणलाच गेला नाहीं. अध्यक्ष वेब यांनींही सम्राटाच्या अनुमतीवांचून युद्ध सुरू होणें शक्य नव्हतें ही गोष्ट आपल्या स्वतंत्र मतांत नोंदविली. म्हणजे न्यायमंडळाचे दोष दिसूनही माणसामाणसांतला भेद करणें शक्य होतें. पाल यांनीं तो केला नाहीं. २५ माणसें त्यांच्या ग्रंथांत आत शिरतात ती एक राष्ट्र म्हणून, आणि बाहेर पडतात तीही एक राष्ट्र म्हणूनच. ग्रंथाच्या नायकस्थानीं त्यांनीं जपानला बसविलें, आणि त्यामुळें तोजो, हिरोता, मात्सुई या भिन्न माणसांचे भिन्न हिशेब मिटून गेले.

हाच दोष दुसऱ्या बाजूनेंही दिसतो. साम्राज्यशाहीचा एवढा तीव्र द्वेष करणारा हा लेखक जपानच्या साम्राज्याकडे येतांच सौम्य होतो. कोरिया १९१० सालीं जपाननें गिळला होता. चीनच्या भूमीवर जपानी सैन्य कशासाठीं उतरलें याचें विवेचन करतांना पाल चिनी लोकांच्या बहिष्काराच्या चळवळीचा व साम्यवादाच्या भीतीचा विचार सहानुभूतीनें करतात. बहिष्काराचें शस्त्र ज्या बंगालनें स्वदेशीच्या दिवसांत स्वतः उपसलें होतें, त्याच बंगालच्या सुपुत्रानें चिनी बहिष्कारास परकीय सत्तेच्या त्रासाचें कारण म्हणून तोलावें, हें वाचून मन खिन्न होतें. आणि जपानी सत्तेची चव घेण्यासाठीं चीनपर्यंत जाण्याचीही गरज नव्हती. अंदमान हें नांव मराठी वाचकास इंग्रजांच्या काळकोठड्यांमुळें परिचित आहे. १९४२ ते १९४५ या काळांत तीं बेटें जपान्यांच्या ताब्यांत होतीं. त्याच कारागृहांत त्यांनीं हिंदी नागरिकांस कोंडून त्यांचे हाल केले, आणि ३० जानेवारी १९४४ रोजीं होम्फ्रेगंज येथें ४४ हिंदी माणसांस गोळ्या घातल्या. जेत्यांचा न्याय पक्षपाती होता हें खरें. पण या ४४ जणांनीं आपला जाब कोणत्या न्यायालयांत मागावयाचा होता? राष्ट्राच्या सार्वभौमत्वाची जी ढाल पाल यांनीं आरोपींपुढें धरली, ती साम्राज्यवाल्यांनींच घडविलेली होती, आणि तिच्यामागें नेहमीं राज्यकर्तेच उभे राहत आले आहेत. प्रजेस तिच्यामागें जागा मिळाल्याचें इतिहासांत आढळत नाहीं.

ग्रंथाचा समारोप तर या दृष्टीनें फारच सूचक आहे. काळानें क्षोभ शमविल्यावर व बुद्धीनें असत्याचा बुरखा फाडल्यावर न्यायदेवता निंदा व स्तुति यांची पुष्कळशी अदलाबदल करील, अशा आशयाच्या गंभीर वाक्यानें पाल लेखणी खालीं ठेवतात. हें वाक्य त्यांचें स्वतःचें नव्हे. तें अमेरिकेंतील यादवी युद्धांत पराभूत झालेल्या दक्षिणेकडील संस्थानांचे अध्यक्ष जेफर्सन डेव्हिस यांचें आहे. गुलामगिरी टिकावी म्हणून लढलेल्या पक्षाचा तो पुढारी होता. अमेरिकन विजेत्यांस त्यांच्याच इतिहासांतल्या पराजिताचें वाक्य ऐकवावें, हा डाव वादविवादांत शोभण्यासारखा आहे. परंतु पराजिताचें दुःख खरें असलें म्हणून पराजिताचा पक्षही खरा ठरतो काय? गुलामांच्या मालकाचें वाक्य परतंत्र देशांतून आलेल्या न्यायाधीशाच्या मुखीं यावें आणि त्यास तें खटकूं नये, या एका गोष्टींत ग्रंथाचें सामर्थ्य आणि त्याचें वैगुण्य हीं दोन्हीं एकत्र आलीं आहेत.

ग्रंथाचें पुढें जें झालें त्यास ग्रंथकार कितपत जबाबदार? जपानांत १९५२ सालीं पाल यांच्या मताच्या आधारानें जें पुस्तक निघालें त्याचें नांवच ‘जपान निर्दोष’ अशा अर्थाचें होतें. यासुकुनी देवस्थानांत १९७८ सालीं फांशी गेलेल्या सातही जणांसह १४ प्रमुख युद्धगुन्हेगारांची स्थापना झाली, आणि त्याच आवारांत पुढें पाल यांचें स्मारक आलें. १९६६ सालीं पाल यांस जपानचें मोठें सन्मानपदक मिळालें तें सम्राट हिरोहितो यांच्याकडून, म्हणजे ज्यांस न्यायासनापुढें उभें करण्यांतच आलें नव्हतें त्यांच्याकडून. पाल यांनीं नानकिंगचा अत्याचार कधींही नाकारला नव्हता. नाकारणाऱ्यांनीं त्यांच्या सहाव्या भागांतलीं पानें सोडून शेवटची शिफारस तेवढी घेतली. हा दोष वाचकांचा आहे, हें आम्हांस मान्य आहे. परंतु आरोपी कायद्यानें सुटला आणि आरोपी निर्दोष आहे, या दोन वाक्यांत जें अंतर आहे तें जपण्याची जबाबदारी निकाल लिहिणाराची असते, आणि पाल यांनीं तें शेवटच्या भागांत पुसट होऊं दिलें, हेंही तितकेंच खरें.

हें सर्व केवळ जुन्या खटल्याचें उत्खनन नव्हे. १७ जुलै १९९८ रोजीं रोम येथें ठरलेलें आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय १ जुलै २००२ पासून अस्तित्वांत आलें. गुन्हा आधीं लिहिलेला असावा, न्यायाधीश एका युद्धाच्या जेत्यांनीं नेमलेले नसावेत, या पाल यांच्या मागण्या त्यांत पुष्कळ अंशीं मान्य झाल्या. आक्रमक युद्धाच्या गुन्ह्याचा अधिकार तर त्या न्यायालयास, तोही कांहीं मर्यादांसह, २०१८ सालीं मिळाला. पण पाल यांचा मूळ प्रश्न मिटला नाहीं. अमेरिका, रशिया, चीन यांनीं आपणांस त्या न्यायालयाच्या कक्षेबाहेर ठेविलें. पहिल्या कित्येक वर्षांत तेथील आरोपी सारे आफ्रिकेचेच होते. भारतानें १९९८ सालीं मतदानांत भाग घेतला नाहीं. निषिद्ध शस्त्रांच्या यादींत अण्वस्त्रें नाहींत, हा भारताच्या आक्षेपांपैकीं एक होता, आणि तो ऐकतांना पाल यांचाच आवाज ऐकल्यासारखा वाटतो. पुढें १७ मार्च २०२३ रोजीं रशियाचे अध्यक्ष पुतिन यांच्यावर, आणि २१ नोव्हेंबर २०२४ रोजीं इस्रायलचे पंतप्रधान नेतान्याहू यांच्यावर पकडहुकूम निघाले. फिलिपाईन्सचे माजी अध्यक्ष दुतेर्ते यांस ११ मार्च २०२५ रोजीं अटक होऊन हेगला नेण्यांत आलें. आणि त्याच वर्षीं अमेरिकेनें या न्यायालयाच्या न्यायाधीशांवरच निर्बंध घातले. यांतील प्रत्येक राजपुरुषाचे कैवारी एकच गोष्ट विचारतात: आम्हीच कां? तो दुसरा कां नाहीं?

या प्रश्नास दोन शेवट असूं शकतात. ‘तो दुसरा सुटला, म्हणून हाही सुटावा’ हा एक. आणि ‘हा सांपडला, आतां तो दुसराही आणा’ हा दुसरा. टोकियोच्या न्यायमंडळाचें खरें पाप आरोपींची संख्या अधिक होती हें नव्हे. ती फार थोडी होती हें आहे. सम्राट तेथें नव्हता. मांचुरियांत जिवंत माणसांवर रोगजंतूंचे प्रयोग करणाऱ्या पथकाचा प्रमुख, प्रयोगांची माहिती अमेरिकेच्या हवालीं करून, बिनबोभाट सुटला होता. ज्यांनीं अणुबाँब टाकण्याचा निर्णय घेतला तेही तेथें नव्हते. पाल यांनीं ही रिकामी बांकें इतरांपेक्षां स्पष्ट पाहिलीं, ही त्यांची थोरवी. तीं रिकामीं आहेत म्हणून भरलेलींही रिकामीं करा असें त्यांनीं म्हटलें, ही त्यांची चूक.

महाराष्ट्रास या बाबतींत एक जुनी आठवण आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा खून झाल्यावर रामशास्त्री प्रभुणे यांनीं राघोबादादांस देहान्त प्रायश्चित्त सांगितलें आणि पुणें सोडलें, असें परंपरा सांगते. रामशास्त्री पेशव्यांचेच चाकर होते. निर्णयाची अंमलबजावणी करणारें सैन्य त्यांच्याजवळ नव्हतें. आणि भाऊबंदकीचे खून पचविणारे दरबार त्या काळीं थोडे नव्हते. या तिन्हीं गोष्टी त्यांस ठाऊक असल्याच पाहिजेत. राघोबास देहदंड झाला नाहीं. तरीही तो दोषी होता ही गोष्ट त्या दिवसापासून कोणास पुसतां आली नाहीं, आणि घरोघरीं ती कथा सांगितली गेली.

न्यायमूर्ति पाल यांचा ग्रंथ आमच्या मतें या शतकांतील मराठी वाचकानेंही अवश्य वाचावा असा आहे. त्याची पूजा करणारांस त्यांत धक्के बसतील, आणि त्यास जपानधार्जिणा म्हणून हिणविणारांसही बसतील. फक्त वाचण्याचा क्रम थोडा बदलावा, अशी आमची नम्र सूचना आहे. कायद्याचे पहिले पांच भाग मागाहून घ्यावे. आरंभ सहाव्या भागापासून, जेथें नानकिंगची हकीगत आहे तेथून करावा. ती पानें मनांत ठेवून मग पहिल्या भागाकडे वळलें, म्हणजे पाल यांच्या प्रत्येक युक्तिवादाचें खरें वजन वाचकास आपल्या हातानें तोलतां येईल.